आधी वाट, मग गड

शहाडच्या उड्डाणपुलावर उभं राहिलं की खालून कसाऱ्याची लोकल जाते आणि पायाखालून मुरबाडचा रस्ता. पहाटे या रस्त्यानं जुन्नर-ओतूरकडची भाजी उतरते, मग दुधाच्या गाड्या, मग मुरबाडची एसटी. दिवस वर आला की ट्रकांची रांग पुलावरून हलत नाही. बहुतेक प्रवाशांच्या लेखी शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन. दारात उभ्या असलेल्या माणसानं आत सरकून घ्यायची जागा. मला मात्र कल्याण नावाचं शहर का उभं राहिलं, याचं उत्तर कुठल्याही बुरुजापेक्षा या पुलावर जास्त स्पष्ट दिसतं. खालचे रूळ थळ घाटाकडे, म्हणजे नाशिककडे निघालेले. वरचा रस्ता म्हारळ, कांबा, रायते करत मुरबाडला आणि तिथून माळशेजकडे, नाणेघाटाकडे. सह्याद्री चढायच्या दोन वाटा इथे एकमेकींना ओलांडतात.

किल्ल्यामुळे वाढलेल्या शहरांची गोष्ट सांगायची तर जगभर पहिलं नाव जपानचं घेतात. तिथे अशा शहराला जोकामाची म्हणतात. ‘जो’ म्हणजे किल्ला, ‘का’ म्हणजे खाली आणि ‘माची’ म्हणजे गाव. मराठी माणसाचा कान इथे चमकतो. राजगडाची पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची आपण लहानपणापासून ऐकलेली असते. गडाच्या माथ्याखाली, तटाच्या आधारानं, माणसं जिथे राहतात ती आपली माची. दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, नुसता ध्वनीचा मेळ आहे. पण अर्थसुद्धा इतके जवळ यावेत याचं मला दर वेळी नवल वाटतं.

जपानमधलं कानाझावा हे अशा गावाचं ठळक उदाहरण. १५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार तिथल्या किल्ल्यात आला आणि पुढची जवळजवळ तीन शतकं त्याच्या घराण्यानं तो मुलूख सांभाळला. या मुलखाचं उत्पन्न दहा लाख कोकू तांदळाचं मानलं जाई; एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. किल्ला मध्ये, त्याला लागून सामुराईंची घरं, त्यापलीकडे व्यापारी आणि कारागीर, आणि शहराच्या कडांवर देवळांचे जथे. गल्ल्या मुद्दाम वाकड्या, की शत्रूला सरळ किल्ल्यावर चाल करता येऊ नये. १६३१ मध्ये मोठी आग लागली, तेव्हा पुढच्याच वर्षी दूरवरच्या नदीचं पाणी कालव्यानं किल्ल्यापर्यंत आणलं. तात्सुमी कालवा त्याचं नाव. तो आजही वाहतो. सरदारांची राज्यं १८७१ मध्ये बरखास्त झाली, पण शहर मोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँब पडले नाहीत. किल्ल्याच्या आवारात काही दशकं विद्यापीठ भरत होतं. २०१५ मध्ये तोक्योहून वेगवान शिनकानसेन तिथे पोहोचली. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख आजही याच शहरात ठोकला जातो, कारण माएदांनी कारागिरांना आसरा दिला होता.

या सगळ्यात क्रम ठरलेला आहे. आधी सरदार, मग किल्ला, मग किल्ल्याला लागणारी माणसं आणि त्या माणसांचं मिळून शहर. कल्याणमध्ये हा क्रम बरोबर उलटा आहे. दुर्गाडी किल्ला बांधायला माणसं आली तेव्हा कल्याणचं वय सोळाशे वर्षांच्या पुढे गेलेलं होतं.

उल्हास नदी बदलापूर, जांभूळ, रायते अशी वळणं घेत येते, शहाडजवळून पश्चिमेला वळते आणि कल्याणला समुद्राला भेटते. समुद्र तिथून कितीतरी लांब आहे, पण भरतीचं पाणी खाडीनं इथवर चढतं. वरून गोडं पाणी, खालून खारं. पुढे ठाण्याजवळ खाडीला दोन फाटे फुटतात, एक वसईकडे आणि दुसरा ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे. मालानं भरलेलं गलबत जिथवर भरतीच्या जोरावर आत येऊ शकतं, ती जागा म्हणजे कल्याण. त्यापुढे माल बैलाच्या पाठीवर चढवावा लागे. आणि बैलाला जायला वाट हवी, ती इथून फुटते. बंदर आणि घाट यांच्यामधला हा सांधा आहे. उघड्या किनाऱ्यावर बंदर असतं तर वादळाची आणि चाच्यांची भीती. डोंगराच्या पायथ्याशी पेठ असती तर तिथवर गलबत आलं नसतं.

नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरच्या बाजूला, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेली गुहा आहे. तिच्यापासून थोड्या अंतरावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. घाट उतरून मुरबाडमार्गे येणारा बैलांचा तांडा शहाडच्या आसपास पोचला की त्याला पहिल्यांदा खाडीचा वास येत असणार. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत कल्याणची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. व्यापारी आहेत, लोहार आहेत, आणि सामिदत्त नावाचा कल्याणचा एक सोनार आहे. त्यानं भिक्षूंसाठी पाण्याचं टाकं खोदवलं. राजाचं नाव इतिहासात राहणं स्वाभाविक आहे. एका सोनाराचं नाव गावासकट दगडात टिकून राहतं, तेव्हा त्या गावात पैसा आणि स्वाभिमान दोन्ही होते हे कळतं.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची वाटाड्याची पोथी लिहिली. तिचं नाव ‘पेरिप्लस’. तिच्यात कल्याणचं नाव ‘कल्लिएना’ असं येतं. तो लिहितो त्याचा आशय असा, की पूर्वीच्या राजाच्या वेळी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता राज्यकर्ता बदलला आहे आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाची ही बातमी आहे. बंदर अडवलं की शत्रूची तिजोरी अडते, हे तेव्हाही ठाऊक होतं. कल्याणच्या इतिहासात ही गोष्ट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घडते.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवासी ख्रिस्ती साधूनं ज्या कल्लियानाबद्दल लिहिलं, ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथून पितळ, लाकूड आणि कापड जातं आणि इराणमधून नेमलेला बिशप तिथे राहतो, असं तो सांगतो. पुढे मुसलमानी अमलात शहराला इस्लामाबाद हे नाव मिळालं. कागदोपत्री ते चाललं, लोकांच्या तोंडी कल्याणच राहिलं. अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये संपली आणि कल्याणचा सुभा विजापूरच्या आदिलशहाकडे गेला.

आता दुर्गाडीकडे जाऊ. २४ ऑक्टोबर १६५७, दिवाळीचे दिवस. शिवाजी महाराजांच्या फौजेनं कल्याण आणि खाडीपलीकडचं भिवंडी एकाच वेळी घेतलं. महाराज तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तोवर त्यांचं राज्य डोंगरांचं होतं: मावळ, घाटमाथा, गड. कल्याण हातात आलं आणि त्या राज्याला पहिल्यांदा खारं पाणी लागलं. खाडीकाठच्या उंचवट्यावर किल्ला बांधायचं ठरलं. पाया खणताना धन सापडलं, ही देवीची कृपा समजून किल्ल्याला दुर्गाडी नाव दिलं, अशी आख्यायिका कल्याणमध्ये घरोघरी सांगतात. किल्ला लहानसा आहे. रायगड पाहून आलेला माणूस इथे येऊन म्हणतो, एवढाच? पण दुर्गाडी लढण्यासाठी जेवढा होता, त्याहून अधिक खाडीवर नजर ठेवण्यासाठी होता. त्याच्या पायथ्याशी जे सुरू झालं, ते मात्र लहान नव्हतं.

मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं या खाडीत बांधली गेली. सागवान मागच्या रानातलं, सुतार इथलेच, पण लढाऊ जहाज बांधण्याची विद्या तेव्हा शेजाऱ्यांकडे होती, आणि शेजारी म्हणजे वसईचे पोर्तुगीज. महाराजांनी रुई लैताँव व्हिएगश या पोर्तुगीज कसबी माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या शेकडो लोकांना कामावर ठेवलं. जहाजं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत असं सांगितलं जात होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून लिस्बनला गेलेल्या पत्रात काळजी स्पष्ट दिसते: शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण, पनवेल इथे लढाऊ जहाजं बांधतो आहे, सावध राहायला हवं, ती बाहेर पडू देऊ नयेत. वसईच्या कप्तानानं मग आपल्या माणसांना निरोप धाडला आणि व्हिएगश आपल्या लोकांसह एका रात्री काम टाकून वसईला निघून गेला. अर्धवट गलबतं आणि स्थानिक सुतार मागे राहिले. त्या सुतारांनी जहाजं पुरी केली.

इथे नकाशा डोळ्यांसमोर आणावा. कल्याणहून समुद्राला जायच्या दोन वाटा, एक वसईवरून, दुसरी ठाण्यावरून, आणि दोन्ही तोंडांशी पोर्तुगीज बसलेले. म्हणजे महाराजांनी आरमार बांधलं ते अशा खाडीत, जिची दोन्ही दारं दुसऱ्याच्या हातात होती. हे धाडस केवढं होतं ते या नकाशावरूनच कळतं. आणि पुढचं आरमार दक्षिणेला, १६६४ मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाकडे आणि विजयदुर्गाकडे का सरकलं, हेही. शिवाय १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण परत घेतलं होतं. ते पुन्हा स्वराज्यात यायला १६७० उजाडावं लागलं.

या ओढाताणीत शहराचे हाल झाले. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला जाताना कल्याणवरून गेला; म्हणजे शहाडच्या याच वाटेनं. भव्य इमारतींचे अवशेष पाहून तो थबकला आणि त्यानं या उद्ध्वस्त वैभवाबद्दल हळहळ लिहून ठेवली. त्यानंतर मोगल पुन्हा आले. शहाजहानच्या काळी सुरू झालेला शहराचा तट औरंगजेबाच्या काळात, १६९४ च्या सुमारास पुरा झाला. त्याला अकरा बुरूज आणि चार दरवाजे होते. म्हणजे कल्याण खऱ्या अर्थानं तटबंदीचं शहर झालं ते इतक्या उशिरा. मोगल फौजदार मातबरखान याची कबर शेणाळे तलावाच्या काठाशी आहे, आणि त्याच तलावाच्या काठी काळी मशीद. लोक त्याला काळा तलाव म्हणत. हल्ली भगवा तलावही म्हणतात. संध्याकाळी तिथे चालायला येणाऱ्या माणसांच्या पायांखाली मोगल सुभ्याची एक आख्खी पेठ आहे.

पेशवाईत कल्याण पुन्हा सुभ्याचं ठाणं झालं. दुर्गाडीला नवा दरवाजा मिळाला, गणेश दरवाजा. देवीचं देऊळ बांधलं ते याच काळात, कोकणचे सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या वेळी. बिवलकरांचा सुभेदारवाडा पारनाक्याच्या जुन्या वस्तीत होता. वाडा गेला, नाव राहिलं. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवानं शंभरी ओलांडून बराच काळ झाला. पारनाका, टिळक चौक, दूधनाका, बंदर रोड, बैलबाजार: जुन्या कल्याणच्या या नावांत सरदार थोडे आणि व्यवहार जास्त आहेत. कानाझावात मोहल्ल्यांची नावं सामुराईंच्या दर्जावरून आणि कारागिरांच्या धंद्यावरून पडली. इथे दूध आणि बैल कुठे मिळतात, यावरून पडली.

इंग्रजांच्या राज्यात तट निरुपयोगी झाला. त्याचे दगड काढून कल्याणच्या आणि ठाण्याच्या धक्क्याच्या बांधकामाला वापरले. मला यात विध्वंसाचं दुःख आहेच. पण शहराच्या स्वभावाशी जुळणारं काहीतरीही दिसतं. चढउताराची सोय व्हावी म्हणून भिंत मोडली. किल्ल्याचा दगड बंदराला गेला.

आणि मग ज्या बंदरासाठी हे केलं, त्याचंच महत्त्व ओसरलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, आणि वर्षभरानं, १ मे १८५४ ला, रूळ पारसिकच्या डोंगराला वळसा घालून कल्याणला पोचले. इंजिनिअरांसमोर प्रश्न तोच होता, जो दोन हजार वर्षांपूर्वी बैलवाल्यांसमोर होता: सह्याद्री कुठून चढायचा? उत्तरही तेच निघालं. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटले. एक फाटा कर्जतमार्गे बोरघाटाला, दुसरा शहाड-टिटवाळा-कसारा करत थळ घाटाला. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये पार झाला. कल्याणला जंक्शन म्हणायला आपण तेव्हापासून लागलो, पण ते जंक्शन सातवाहनांच्या काळापासून होतंच.

रेल्वेनं एक मात्र मोठा बदल केला. स्टेशन जुन्या शहराच्या पूर्वेला, तटाबाहेर झालं. तोवर कल्याणचं तोंड खाडीकडे होतं. पाहुणा यायचा तो बंदरावर. आता शहर वळलं. बंदर परसात गेलं आणि दर्शनी दार स्टेशन झालं. मधल्या मोकळ्या जागेत पुढची शंभर वर्षं नवं कल्याण भरत गेलं. शहाणपणाच्या गोष्टीही याच रुळांवरून आल्या. सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये सुरू झालं, ते आजही चालू आहे. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली यमुना नावाची मुलगी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई जोशी, पारनाक्याजवळच्या जोशींच्या घरात वाढली. टपाल खात्यातले कारकून गोपाळराव जोशी कल्याणला नोकरीला होते. त्यांनी तिला शिकवलं, आणि तिच्याशी लग्न केलं. १८८३ मध्ये ती एकटी जहाजानं अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाईंचं चरित्र वाचताना मला नेहमी वाटतं, की टपाल, आगगाडी आणि बंदर या तिन्ही गोष्टी हाताशी असलेल्या गावातच ही मुलगी वाढायला हवी होती.

शहाडचं आजचं रूप या सगळ्यापेक्षा तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या माळावर लष्कराची छावणी पडली, ‘कल्याण कॅम्प’. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या शहराचं नामकरण झालं. नदीवरून नाव पडलं, उल्हासनगर. शहाड स्टेशनला उतरून पूर्वेला गेलं की एक नंबर कॅम्प सुरू होतो. कॅम्प एक, कॅम्प दोन ही बराकींची मोजणी पत्त्यांत कायमची राहून गेली. १९५६ मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. कृत्रिम रेशमाला पाणी फार लागतं आणि नदी शेजारीच होती. उत्तर भारतातून, खानदेशातून, कोकणातून कामगार आले. कारखान्याजवळ बिर्लांनी देऊळ बांधलं, त्यात विठ्ठल-रखुमाई आहेत. आषाढीला तिथली रांग पाहिली की गावाकडची वारी चुकलेली माणसं कुठे जातात ते समजतं.

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ला झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. एवढ्या माणसांचं ओझं नदीवर पडलं आहे. पावसाळा संपला की शहाड-मोहने परिसरात उल्हासवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून तो सुंदर दिसतो. खरं तर पाण्यात मैला मिसळत असल्याची ती खूण आहे. हे बघून गप्प बसवत नाही, कारण हेच पाणी लोक पितात. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी देणारी ‘स्टेम’ ही संस्था आपलं नाव जिथून घेते, तो पहिला शब्द शहाड आहे आणि दुसरा टेमघर. शहाडला नदीतून पाणी उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि पुढे पाठवायचं. सामिदत्त सोनारानं कान्हेरीच्या डोंगरात टाकं खोदवलं होतं. आज त्या डोंगराच्या दोन्ही अंगांच्या शहरांतले नळ या गावच्या पाण्यावर चालतात.

दुर्गाडीच्या पायथ्याशी, खाडीच्या काठावर, भारतीय नौदलानं सेवेतून निवृत्त केलेली टी-८० ही युद्धनौका आणून ठेवली आहे. मराठा आरमाराचं स्मारक तिथे उभं राहावं म्हणून ती २०२४ मध्ये खाडीतूनच वर आली. १६५९ मध्ये ज्या पाण्यातून जहाजं बाहेर पडू नयेत म्हणून पत्रं लिहिली गेली, त्याच पाण्यातून.

आणि शहाडच्या पुलावरचा रस्ता? कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी त्या तालुक्यातली माणसं कित्येक वर्षं करत आली आहेत. ती गाडी झाली तर मुरबाडपर्यंत जाईल. त्यापुढे टोकावडे, मग वैशाखरे. तिथे एसटीतून उतरून रानातली पायवाट धरावी लागते. नाणेघाट आजही पायीच चढायचा असतो, झिजलेल्या दगडी पायऱ्यांवरून, तास-दोन तास. वर पोचल्यावर गुहेतला लेख दिसतो, आणि जरा पुढे उघड्यावर, पावसाचं पाणी साठलेला तो रांजण.